कर्णाचे माप

तंजावर हे नाव मराठी माणसाला परके वाटत नाही. सुमारे १६७६ पासून १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याचे राज्य होते. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरवून घेतलेला मराठी शिलालेख आजही तेथे पाहावयास मिळतो. राज्य गेले, परंतु ज्या कावेरीने चोळांना, नायकांना आणि मराठ्यांना अन्न दिले, ती अजून गावोगाव भात पिकवीत आहे.

कल्लणै बंधाऱ्यापाशी नदीचे पाणी फाटे फोडून पसरते आणि पुढे कालव्यांच्या जाळ्यातून शेताशेतात पोहोचते. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेने १२ जूनला सोडतात. कुरुवै भाताची सारी घाई त्या तारखेभोवती असते. पाणी वेळेवर आले नाही, तर ज्याच्या शेतात फिल्टर पॉइंट आहे तोच रोपे वाचवू शकतो. गाळाच्या जमिनीखाली फार खोल न जाता वाळूचा थर लागतो. त्यात जाळीचा पाइप उतरवायचा आणि वर पंप बसवायचा, एवढीच ती व्यवस्था. पण ती चालते किंवा बंद पडते, ती पाइप जोडणाऱ्याच्या हातावर.

जमिनीतून वर आलेला पाइप आणि पंपाचे तोंड नेहमीच एका रेषेत येत नाहीत. कोठे नारळाचे खोड आड येते, कोठे जुना चौथरा. समजा, दोन्ही रेषांत ६० सेंटीमीटरचे अंतर आहे. दोन काटकोनी एल्बो लावले तर काम लवकर होते. परंतु प्रत्येक तीव्र वळण पाण्याला अडवते. म्हणून जाणता कारागीर ४५ अंशांचे दोन बेंड घेऊन पाइप तिरपा नेतो. मग प्रश्न येतो : तिरपा तुकडा किती लांब कापायचा?

नवखा मदतनीस टेप लावून म्हणतो, “अण्णा, अंतर साठ भरले. साठच कापू ना?”

“साठ ही बाजू झाली, बाळा,” कारागीर म्हणतो, “आपल्याला कर्ण कापायचा आहे.”

तो करवतीच्या टोकाने ओल्या मातीत काटकोन त्रिकोण काढतो. वळण ४५ अंशांचे असल्यामुळे त्रिकोणाच्या दोन्ही लहान बाजू सारख्या, साठ-साठ सेंटीमीटर. कर्ण त्यांच्या १.४१४ पट, म्हणजे जवळजवळ ८४.८ सेंटीमीटर. वळण ६० अंशांचे असते तर १.१५५ ने गुणावे लागले असते आणि ३० अंशांचे असते तर सरळ दुपटीने. वळण जितके सौम्य, तितका तिरपा तुकडा लांब.

पण हिशेब येथे संपत नाही. ८४.८ हे एका बेंडच्या मध्यापासून दुसऱ्या बेंडच्या मध्यापर्यंतचे माप होय. पाइप मध्यापर्यंत जात नाही; तो सॉकेटच्या आतील कडेला टेकून थांबतो. मध्यापासून त्या कडेपर्यंतचे अंतर २ सेंटीमीटर असेल, तर दोन्हीकडचे मिळून ४ वजा करायचे. उरतात ८०.८. तेवढाच पाइप कापायचा. जो आतील कडेऐवजी सॉकेटच्या तोंडापर्यंतचे अंतर वजा करतो, त्याचा पाइप तोकडा पडतो. मग ओढून-ताणून, भरपूर सोल्यूशन लावून सांधा कसाबसा जुळवला जातो.

असा सांधा दिसायला ठीकच असतो. पंप सुरू झाला की तो आपली लबाडी उघड करतो. ओढीच्या बाजूला पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. पंप घरघरतो, पण पाणी चढत नाही. दोन दिवस दोष शोधण्यात जातात आणि तेवढ्यात रोपवाटिका पिवळी पडते. शेतकऱ्याच्या हंगामाचे भवितव्य अशा रीतीने दोन-चार सेंटीमीटरवर येऊन ठेपते. म्हणूनच तो कारागीर एकदा कापण्यापूर्वी दोनदा मोजतो.

१.४१४ हा आकडा त्याने कोणत्या पुस्तकातून घेतलेला नसतो. तो त्याला उस्तादाकडून मिळालेला असतो. पण त्या आकड्याचे कूळ फार जुने आहे. यज्ञवेदी रचणाऱ्यांसाठी लिहिलेल्या बौधायन शुल्बसूत्रात चौरसाचा कर्ण काढण्याची रीत दिली आहे : बाजूत तिचा एक तृतीयांश मिळवावा, त्या तृतीयांशाचा चौथा भाग मिळवावा आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा हिस्सा वजा करावा. १ या बाजूसाठी हे गणित केले, तर उत्तर १.४१४२ च्या किंचित वर येते. वेदीच्या विटा रचणारे हात आणि पाइप जोडणारे हात एकाच त्रिकोणापाशी येऊन भेटतात.

शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला पुष्कळदा वाटते की, गणित आपल्यासाठी नव्हे. प्रत्यक्षात ते त्याच्या करवतीत, टेपमध्ये आणि अंदाजात आधीच नांदत असते. पुस्तक त्याला फक्त कारण सांगते. आणि कारण कळले की, ४५ अंशांचे बेंड दुकानात मिळाले नाही म्हणून काम अडत नाही. माणूस दुसऱ्या कोनाचा हिशेब स्वतः मांडू शकतो.

संध्याकाळी सांधे वाळतात. पंप सुरू होतो. आधी थोडी हवा, मग गढूळ पाणी आणि अखेर स्वच्छ धार रोपांच्या वाफ्याकडे वाहू लागते. मातीत काढलेला त्रिकोण त्या पाण्यात पुसून जातो. मदतनीस मुलगा मात्र तोपर्यंत तो हिशेब आपल्या तळहातावर पेनने लिहून घेतो.