खुर्द की बुद्रुक?

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आमच्या घरात कायम तिच्या उत्तरार्धासाठीच वापरली गेली. जमीन विकायची असो, मुलीला परगावी शिकायला धाडायचं असो, कुणीतरी ती म्हणायचं आणि चर्चा संपायची. ऐकणं म्हणजे नुसती मान डोलावणं. आता भाची आणीबाणीचे फोन घ्यायला शिकते आहे, आणि तिच्या कामात ही म्हण बसवून पाहायचा मला नादच लागला आहे.

बसत काही नाही. तिथं ऐकणं हेच काम, आणि मनाचं करायला मुभा नाही. पहिला प्रश्न ‘काय झालं?’ नव्हे, ‘कुठून बोलताय?’ फोन तुटला तरी पत्ता हाती असला की गाडी निघते. मग ठरलेले प्रश्न: माणूस शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालतोय का. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डॉ. जेफ क्लॉसन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस अशा प्रश्नांची कार्डंच तयार केली. म्हणजे करायचं ते कार्डाच्या मनाचं. पण कार्ड लिहिणाऱ्यानंही आधी कुणाकुणाचं ऐकलंच असणार. मग ते मन की जन? इथं माझी गाडी अडते.

लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर १९३५ साली आग लागली. शेजारी अग्निशमन दलासाठी फोन लावत होता आणि एक्स्चेंजच्या रांगेत अडकला होता. पाच बायका गेल्या. त्यानंतर १९३७मध्ये ९९९ सुरू झाला. तो नंबर फिरवला की ऑपरेटरपुढं लाल दिवा लागे, भोंगा वाजे. ऐकायला माणसं आधीही होती. कुणाचं आधी ऐकायचं, हे ठरलेलं नव्हतं. म्हणीत तर जन सगळे एकाच रांगेत उभे.

आपल्याकडं रांगेपेक्षा पत्त्याचाच घोळ मोठा. ११२चा फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो आणि बोलणारा सांगतो, ‘पिंपळगाव.’ कुठलं पिंपळगाव? तालुका? खुर्द की बुद्रुक? घरात माणूस तडफडतोय आणि पलीकडून कुणी पोर विचारते, खुर्द की बुद्रुक! मी असते तर शिव्याच घातल्या असत्या. पण दोन गावांच्या मध्ये नदी असते, पूल कुठं तरी लांब असतो, तेव्हा विचारायलाच हवं. त्यातून आपले पत्ते म्हणजे गावाचा इतिहास: ‘पूर्वी गिरणी होती ना, तिच्या मागं.’ जिनं ती गिरणी कधी पाहिली नाही तिनं काय करावं? आमच्या आजीचा पत्ता तर माणसांवरूनच असे. अमक्याची सून राहते तिथून तिसरं घर. अमका वारून वीस वर्षं झालेली, सून मुंबईला. तरी टपाल पोचायचं, कारण पोस्टमन गावचा होता. त्याला विचारावंच लागत नसे. त्याचं मन जनाच्या ओळखीनंच भरलेलं होतं. ऐकावे आणि करावे यांत त्याला स्वल्पविरामही लागत नव्हता. मात्र तो पोस्टमन रजेवर गेला की आजीचं पत्र आठवडा आठवडा पडून राही, हेही खरंच. मग गावची ओळख बरी की कार्ड?

कार्ड, असं म्हणून मी हा विषय मिटवणार होते. तेवढ्यात भाचीनं आणखी एक सांगितलं. कधीकधी फोन येतो, बाई दबक्या आवाजात ‘काही नाही, चुकून लागला’ म्हणते आणि ठेवून देते. शिकवणी अशी, की उलट फोन करून खात्री करायची. बरोबरच आहे. पण उलट केलेला फोन त्या घरात कोण उचलणार? त्या बाईचं ऐकावं तर ती म्हणते काही नाही. मनाचं करावं तर भाचीला त्या आवाजात काहीतरी लागलेलं आहे, आणि ते चुकीचंही असू शकतं. फोन करणं मला धोक्याचं वाटतं. न करणं तर त्याहून.