आज कुठपर्यंत?

आपल्याकडे आजारी माणसाला पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते "आराम कर". ताप असो, बाळंतपण असो की मुरगळलेला पाय, सगळ्यांवर हाच उपाय. आणि आजाराचं नाव कॅन्सर असेल तर विचारायलाच नको. घरातली माणसं त्या बाईच्या हातातला पाण्याचा तांब्यासुद्धा काढून घेतात. हे सगळं मायेपोटीच होतं, म्हणून त्याला नाही म्हणणंही अवघड जातं.

आम्ही सुरतच्या लिंबायतमध्ये राहतो, मूळचे खानदेशातले. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत लूम्सच्या आणि साडी मार्केटच्या कामासाठी आलेली आमच्यासारखी खूप कुटुंबं आहेत. आई घरी बसून साड्यांना स्टोन लावायची. मागच्या वर्षी तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये डाव्या काखेतल्या लसिका ग्रंथीही काढल्या. मग ताप्ती लाइनच्या गाड्यांनी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून पाहुणे येऊ लागले. पलंगाशेजारी बसून प्रत्येकाचं एकच, "आराम कर वं माय, आता काही करू नको."

फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र वेगळंच सांगितलं होतं. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटांनी हळूहळू वर चढायचं, हात थांबेल तिथे पेन्सिलने खूण करायची आणि उद्या त्याच्या जरा वर जायचं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर माझ्या आणि भावाच्या उंचीच्या खुणा आधीपासून होत्या. त्यांच्या शेजारी आता आईच्या खुणा सुरू झाल्या. पहिली खूण माझ्या सातवीतल्या उंचीच्याही खाली होती! हा व्यायाम का, ते पुढे कळलं. रेडिएशनच्या वेळी हात डोक्याच्या वर नेऊन बराच वेळ स्थिर झोपावं लागतं. खांदा आखडलेला असेल तर तेच जमत नाही.

त्याआधी केमो होती, दर 21 दिवसांनी. केमोचा थकवा आपल्या नेहमीच्या थकव्यासारखा नसतो. रात्रभर झोपूनही तो जात नाही. पडून राहिलं की स्नायू उतरतात, स्नायू उतरले की चार पावलांतच दम लागतो, दम लागला की माणूस पुन्हा पडून राहतो. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. डॉक्टरांना विचारून आईने चालायला सुरुवात केली. आधी पलंगापासून दारापर्यंत, मग गच्चीवर, मग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीपर्यंत. सुरतचा उकाडा सुरू व्हायच्या आत, सकाळी साडेपाचला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिवसांत गर्दी नको म्हणून फक्त गच्ची. ताप असेल, चक्कर येत असेल, तर काहीच नाही.

मोठी मावशी भडकली. "चालवून चालवून मारणार का तिला?" ती एकटीच असं म्हणत होती असंही नाही. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या बाईने त्या हाताने वजन उचलू नये, असा सल्ला डॉक्टरही वर्षानुवर्षे देत होते, कारण हाताला सूज येण्याची भीती. 2009 साली अमेरिकेत 141 बायकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली, अगदी हळूहळू वजन वाढवत व्यायाम केल्याने सूज वाढत नाही, असं त्यात दिसलं. 2022 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने बरं करण्याच्या हेतूने चाललेल्या उपचारांदरम्यानच व्यायामाची शिफारस केली. आणि 2025 मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या 889 रुग्णांचा अभ्यास आला. केमो संपल्यावर तीन वर्षं आखीव व्यायाम केलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के जण पाच वर्षांनी कॅन्सर न उलटता जगत होते. ज्यांना फक्त माहितीपत्रकं दिली त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 74 टक्के होतं. तो आजार आईचा नव्हे, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण मावशीला सांगायला एवढं पुरलं. ती पटली नाही, गप्प बसली.

मला स्वतःला आकड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त वाटते. उपचारांत सगळं आईवर केलं जात होतं. सुई दुसऱ्याने टोचायची, तारीख दुसऱ्याने द्यायची, रिपोर्ट दुसऱ्याने वाचायचा. चालणं तेवढं ती स्वतः करत होती.

आणि चालायचं म्हणजे बाहेर पडायचं. आमच्याकडे हा आजार अजून लपवतात. मुलीचं लग्न जमायचं आहे, लोक काय म्हणतील, इथपासून "लागण होते" इथपर्यंत सगळं असतं. केस गेलेल्या डोक्याला ओढणी बांधून आई रोज त्याच गल्लीतून जायची. आधी लोक बघायचे, मग सवयीने "झालं का फिरून?" विचारू लागले. एक दिवस एका काकूंनी तिला गिरणीजवळ थांबवून हळूच विचारलं, "ताई, तुम्हाला गाठ कळली कशी?" पुढच्या आठवड्यात आई त्यांच्यासोबत तपासणीला गेली. पलंगावर पडून राहिली असती, तर त्या काकूंनी कुणाला विचारलं असतं?

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा आजार असेल, तर डॉक्टरांना एवढं नक्की विचारा, "यांनी किती चालायचं? कोणता व्यायाम चालेल? कधी थांबायचं?" प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. हाडांत आजार पसरला असेल किंवा प्लेटलेट्स कमी असतील तर फारच सांभाळावं लागतं. पण विचारायचं राहू नये.

मी तेव्हा मुंबईला होस्टेलवर होते. रोज फोनवर "कशी आहेस?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरी आहे." मग मी प्रश्न बदलला, "आज कुठपर्यंत?" त्यावर आई खरं सांगायची. कधी "गिरणीच्याही पुढे", कधी "आज गच्चीच", आणि एखाद्या दिवशी नुसतं "दारापर्यंत".