खालच्या दोरीचा गारठा

‘समुद्र तापतोय’ या विषयावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि मला गेल्या ऑक्टोबरातली मालवणची एक सकाळ आठवली. जाळी झाडत बसलेल्या एका तांडेलाला मी मोबाइलवर उपग्रहाचा तापमान-नकाशा दाखवत होतो. किनाऱ्यालगत सगळं लालसर. तो म्हणाला, “साहेब, नकाशात दर्या तापलेलो दिसता, पण जाळ्याची खालची दोरी हाताक बर्फासारी लागता. मगे खरा खयचा?”

दोन्ही खरं होतं, पण मला ते तिथे नीट सांगता आलं नाही.

आपला समुद्र वर्षातून दोनदा तापतो, दोनदा निवतो. एप्रिल-मेमध्ये आभाळ मोकळं, वारा मंद. पाणी 30 अंशांच्या आसपास किंवा वरही जातं. मोसमी वारे आले की ते दोन-तीन अंश उतरतं. ऑक्टोबरात पुन्हा चढतं, थंडीत कोरड्या वाऱ्यांनी थोडं उतरतं.

पावसाचं पाणी पडून समुद्र गार होतो, हा समज मी शाळांपासून वर्तमानपत्रांपर्यंत ऐकतो आणि दर वेळी अस्वस्थ होतो. समुद्राच्या वरच्या तीनेक मीटर थरात डोक्यावरच्या सगळ्या हवेइतकी उष्णता मावते. तो सरींनी निवत नाही. त्याला निववतो वारा: बाष्पीभवनानं आणि घुसळणीनं. ढग ऊन अडवतात. शिवाय तळाचं गार पाणी किनाऱ्याकडे वर चढतं. ते इथल्या वाऱ्यामुळे, की बंगालच्या उपसागराकडून कन्याकुमारीला वळसा घालून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लांबच लांब लाटांमुळे? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेट्ये आणि शंकर यांनी या दूरच्या लाटांचं महत्त्व दाखवलं. केरळपेक्षा आपल्याकडे त्यांचा वाटा मोठा, असं माझं ठाम मत आहे. यावर मी तासभर भांडू शकतो.

पाऊस करतो ते उलटंच. सरींचं आणि कर्ली, गड या नद्यांचं गोडं, हलकं पाणी खाऱ्या पाण्यावर पाच-दहा मीटरांचं झाकण घालतं. झाकण उन्हात तापतं, खालचं गार पाणी कोंडतं. सडणारे जैविक कण त्यातला प्राणवायू संपवतात. समुद्रशास्त्रज्ञ नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली हे जगापुढे मांडलं. मासळी तळ सोडते, दोरी गार लागते. उपग्रहाला मात्र दिसते ती पाण्याची नुसती कातडी.

अरबी समुद्र दशकांच्या हिशेबात तापतो आहे, हे खरंच. मालवणची प्रवाळं पांढरी पडलेली पाहून मला झोप लागली नव्हती. म्हणूनच जाळं रिकामं आलं की लगेच ‘ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणून मोकळं होणं मला सहन होत नाही. ऋतू कुठला आणि कल कुठला, हे तळाचं पाणी मोजल्याशिवाय कळत नाही.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर त्या तांडेलाच्या खालच्या दोरीला मी एक छोटा तापमापक बांधून दिलाय. दर रविवारी तो आकडे फोनवर वाचून दाखवतो.