लेन्स अडकली तेव्हा

आज एका जुन्या कॅमेऱ्याबद्दल.

गेल्या दिवाळीत दुधनीच्या घरी कपाट आवरताना माझा पहिला डिजिटल कॅमेरा सापडला. भाची एकदम खूष. हल्ली कॉलेजातल्या पोरांना म्हणे मोबाइलपेक्षा असल्या कॅमेऱ्यांचे फोटो आवडतात. (त्याच फोटोंना आम्ही 'फाटतात' म्हणून नावं ठेवायचो. असो.) तिने दोन सेल घातले, बटण दाबलं. घर्र करत लेन्स अर्धी बाहेर आली, थांबली, पडद्यावर 'लेन्स एरर' असं आलं आणि कॅमेरा बंद.

"मामा, हा गेला."

गेला नव्हता. हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे.

2008 चा डिसेंबर. वेळ अमावस्या, आमच्याकडे 'येळवस'. सगळं घर शेतात. कडब्याची कोपी, आत चुना लावलेले पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबील. मी पुण्याहून खास कॅमेरा घेऊन आलो होतो, कारण आज्जीचा एकही धड फोटो घरात नव्हता. आणि नेमका तो चालू असतानाच हातातून निसटून काळ्या मातीत पडला. लेन्स अर्ध्यावर अडकली.

मी घाबरून अंगठ्याने लेन्स आत दाबली. कट् असा आवाज झाला. अण्णाने, म्हणजे थोरल्या चुलतभावाने, कॅमेरा हातातून काढूनच घेतला. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.

"जोर कशाला लावतो बे? आधी सेल बदल."

त्याचं बरोबर होतं. या लेन्सची नळकांडी एकात एक बसलेली असतात. एक चिमुकली मोटर प्लॅस्टिकच्या दात्यांवरून त्यांना खाचांमधून सरकवते. सेल उतरले असले तरी ती अर्ध्यावर थांबते, आणि वाळूचा एक कण खाचेत गेला तरी थांबते. दोन्हीला एरर तीच. नवे सेल घालूनही हलेना, तेव्हा अण्णाने खिशातून आडत दुकानाची पट्टी काढली, तिची कडेची चिंधी फाडली आणि दोन नळकांड्यांच्या फटीतून गोल फिरवली. माती निघाली. मग लेन्स जमिनीकडे धरून तळहातावर हलकेच थोपटायचं, बटण चालू-बंद करायचं, परत थोपटायचं. चौथ्या खेपेला लेन्स आत गेली आणि बाहेरही आली.

फोटो काढला. आज्जी कोपीच्या तोंडाशी, डाव्या हाताला. आणखी एक काढतो म्हटलं तर म्हणाली, "साक बिडो." पुरे, सोड आता. मीही सोडलं.

पुण्याला येऊन संगणकावर पाहिलं. माझ्या अंगठ्याने नळकांडं किंचित तिरकं झालं होतं. फोटोची उजवी बाजू लख्ख, अण्णाच्या शर्टाची बटणं मोजून घ्यावीत. डावीकडचा तिसरा हिस्सा मात्र धुकट. कॅमेऱ्याच्या अडीच इंची पडद्यावर ते कळलंच नव्हतं. आज्जीच्या चेहऱ्याच्या जागी कुंकवाचा तेवढा लाल ठिपका ओळखू येतो. पुढची येळवस तिने पाहिली नाही.

तर भाची. ती स्क्रू काढायला निघाली होती, तिला आधी थांबवलं. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात, सेल काढल्यावरही काही काळ टिकतात. हात लागला तर चांगलाच झटका बसतो. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी जाते. तेल तर अजिबात नाही. आणि कार्डाची काळजी नको, लेन्स अडकली तरी त्यातले फोटो शाबूत असतात.

नवे सेल, कागदाची चिंधी, थोपटणं. अर्धा तास गेला, पण निघाली.

"आजी, मामा, बसा पायरीवर," भाची म्हणाली. आई सवयीने डावीकडे बसली. मी तिला उठवून दुसऱ्या बाजूला बसवलं.

"अरे, इकडे ऊन डोळ्यात येतंय."

"येऊ दे," म्हटलं.