पोटात ठेवणारी गाडी

जुन्या मोटारी दणकट असत, असे जो तो सांगतो. मला काही ते पटत नाही. आमच्याकडे १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी होती. मूळ इटालियन फियाट. घडण कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन १०८९ सी.सी.चे. मुंबईहून पुण्याला येताना बोरघाटात उन्हाळ्यात ती हमखास दम टाकी. मग वडील बॉनेट उघडून पेट्रोलपंपावर ओले फडके घालीत, आई डबा सोडी आणि आम्ही मुले कठड्यावर बसून आगगाडीची वाट पाहत असू. इतकी ती नाजूक! तरी तेवीस वर्षे चालली. कारण ती मोडली, की कुठल्याही गावचा फिटर पाना-पक्कड घेऊन तिला पुन्हा उभी करी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीदेखील २०२३च्या ऑक्टोबरात बंद झाली ती वीस वर्षांची मुदत भरली म्हणून.

तिचा खरा गुण मात्र त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. ती ऐकलेले पोटात ठेवी. १९७९ साली माझ्या धाकट्या आत्याचे ठरलेले लग्न मोडले. घरात पाहुणे, शेजारी, आजोबांचा खोकला, बोलायचे कुठे? एका संध्याकाळी वडिलांनी तिला गाडीत बसवले आणि पर्वतीच्या पायथ्याशी नेले. ऐन वैशाखात सगळ्या काचा वर, पुढची तिकोनी काचसुद्धा बंद! तासाभराने दोघे घामाघूम होऊन परतली. काय बोलणे झाले, ते आम्हांला आजतागायत ठाऊक नाही. पुढल्या महिन्यात आत्या नर्सिंग शिकायला गेली, एवढेच खरे.

आता माझ्या लेकीने नवी गाडी घेतली आहे. ती आपले बोलणे समजते. तिच्या पोटात सिमकार्ड आहे. अपघात झाला तर ती आपण होऊन मदत मागवते. हा उपकार लहान नव्हे. (पद्मिनीत एअरबॅगदेखील नव्हती, हे आठवणींच्या भरात विसरू नये.) पण २०२५च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जनरल मोटर्सवर काय आरोप ठेवला? तिच्या गाड्या कधीकधी दर तीन सेकंदांनी आपला ठावठिकाणा टिपीत. चालकाने ब्रेक किती जोराने दाबला, रात्री किती उशिरा गाडी काढली, हेही टिपीत. ही माहिती धड संमतीवाचून विकली जाई आणि विमा कंपन्या त्यावरून हप्ता ठरवीत. म्हणजे नोकर ठेवावा आपण, पगार द्यावा आपण, आणि त्याने चहाड्या सांगाव्यात सावकाराला!

लेकीच्या गाडीत असे काही होते की नाही, हे तिच्या करारनाम्याची बारीक अक्षरे वाचूनही मला कळले नाही. परवा सिंहगड रस्त्याने जाताना ती बराच वेळ गप्प होती. मग समोरच्या पडद्याकडे पाहत म्हणाली, “बाबा, जरा उतरून बोलू या?”

रसवंतीशेजारी गाडी उभी केली आणि आम्ही चांगले दूर, चिंचेखाली जाऊन बसलो.