निरंजना नदी तैवानच्या रंगमंचावर

आपल्याकडून दरवर्षी कितीतरी उपासक-उपासिका बोधगयेला जातात. महाबोधी विहारात वंदना होते, बोधिवृक्षाचे गळालेले एखादे पान मिळते का हे पाहिले जाते, मग थाई, जपानी, तिबेटी विहार आणि संध्याकाळी परतीची गाडी गाठायला गया स्टेशन. निरंजना नदी मात्र बहुतेकांची राहून जाते. उन्हाळ्यात तिथे पाणी नसते, नुसती पिवळी वाळू. आम्ही गटाने गेलो तेव्हा आमच्यातल्या एका मावशींनी विचारलेच, "ह्यात काय बघायचं?"

प्रश्न रास्त होता. पण ह्याच परिसरात १९९४ साली तैवानचा एक कलावंत येऊन बोधिवृक्षाखाली बसला होता. त्याचे नाव लिन हुआई-मिन. आधी लेखक, मग नर्तक. १९७३ साली त्याने 'क्लाउड गेट' ही नृत्यसंस्था काढली होती. इथून परत गेल्यावर त्याने त्याच वर्षी एक नृत्य बसवले. त्याच्या नावाचा अर्थ 'भटकणाऱ्यांची गाणी'. पुढे ते देशोदेशी गाजले. त्याचे चित्रण आम्ही निघण्यापूर्वी पाहिले होते, म्हणून त्या वाळूत आमचा पाय जरा जास्त वेळ रेंगाळला.

नृत्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ढोलकी, घुंगरू, नाहीतर सिनेमा येतो. इथे तसले काही नाही. पडदा उघडतो आणि एका बाजूला एक भिक्खू हात जोडून उभा असतो. वरून त्याच्या डोक्यावर सोनेरी तांदळाची बारीक धार पडत असते. सुमारे दीड तासाचा कार्यक्रम, आणि तो माणूस जागचा हलत नाही. ही भूमिका वांग रोंग-यू या कलावंताने अनेक वर्षे केली. बाकीचे नर्तक हातात काठ्या घेऊन यात्रेकरूंसारखे संथ चालतात, पडतात, उठतात. पार्श्वभूमीला जॉर्जिया देशातली लोकगीते. शब्द कळत नाहीत, पण गळ्यातली कळ कळते. पहिल्या भागाचे नावच 'पवित्र नदी'. तांदळाचीच नदी मंचावर वाहते.

ह्या नृत्याला एकूण साडेतीन टन तांदूळ लागतो. आमचा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला, त्यामुळे आकडा ऐकून स्वस्थ बसवले नाही. साडेतीन टन म्हणजे पन्नास किलोची सत्तर पोती. रेशनवर माणशी पाच किलोप्रमाणे पाच जणांच्या घराला महिन्याला पंचवीस किलो धान्य मिळते, म्हणजे त्या घराचे अकरा वर्षे आणि आठ महिने! मावशींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "मग पायाखाली कशाला घेतात?" ह्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. लावणीच्या चिखलात ज्यांची कंबर मोडते त्यांना हा प्रश्न पडणारच. तो पडू नये असे आम्हाला वाटतही नाही. पण धार पडताना पाहिली की एक गोष्ट मनात येते. वेळ कसा जातो हे घड्याळ दाखवत नाही, ते हे दाणे दाखवतात. भिक्खूच्या पायाशी ढीग हळूहळू वाढत जातो.

आमची एक तक्रार मात्र आहे. नृत्यात देह झिजवणारे यात्रेकरू फार आहेत. हातात अग्नी, फांद्या, विधी आहेत. सिद्धार्थाने देहदंड सोडला तो ह्याच भूमीत. नदीपलीकडे बकरौर गाव आहे. सुजातेची खीर तिथलीच, असे परंपरा सांगते. तिथे विटांचा मोठा स्तूप उत्खननात उघडा झाला आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात बाबासाहेब सांगतात की ध्यानाला बसताना गौतमाने चाळीस दिवस पुरेल इतके अन्न जवळ ठेवले होते आणि चार आठवडे ध्यान केले. उपाशीपोटी नव्हे, शिधा मोजून! एवढे तांदूळ मंचावर आणणाऱ्या नृत्यात सुजाता नाही, ह्याचे आम्हाला नवल वाटते.

तरीही शेवटचा भाग पाहावाच. त्याचे नाव 'शेवट की सुरुवात'. सगळे निघून जातात. एकच माणूस दाताळे घेऊन पसरलेल्या तांदळात गोल गोल रेघा ओढत राहतो. खळ्यावर धान्य वाळवताना आपली आजी पायाने जशी रेघ ओढायची, अगदी तशाच. ना मूर्ती, ना मंत्र, ना दक्षिणा. घाई तर नाहीच. मंचभर वर्तुळ तयार होईपर्यंत तो मान वर करत नाही.

बोधगयेला जाल तेव्हा एक सकाळ नदीसाठी राखून ठेवा. पुलावरून बकरौरला रिक्षा जाते. मुलांना सोबत न्या. वाळूत पाणी शोधायला त्यांना आवडते आणि थोडे उकरले की ओल हाताला लागते. मावशींनी ती उकरून पाहिली. मग पदर खोचून त्या वाळूतच बसल्या, आणि आम्ही हाक मारेपर्यंत उठल्या नाहीत.