अडवणाऱ्यानं काय घोडं मारलंय?

ओलिव्हर कानचा विषय निघाला की माझं डोकं जरा गरम होतं. २००२ च्या विश्वचषकात जर्मनीच्या या गोलकीपरनं अंतिम सामन्यापर्यंत फक्त एक गोल खाल्ला होता, तोही आयर्लंडविरुद्ध अगदी शेवटच्या घटकेला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पत्रकारांची मतं त्याच्या नावावर पडूनही गेली होती. मग योकोहामातल्या अंतिम सामन्यात ब्राझीलच्या रिवाल्डोचा एक फटका त्याच्या हातून निसटला आणि समोर रोनाल्डो होताच. त्या स्पर्धेत आठ गोल करून रोनाल्डो कप घेऊन गेला. सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मिळाला तो खांबाला टेकून बसलेल्या कानला. हा मान मिळालेला तो आजवरचा एकमेव विश्वचषक गोलकीपर, आणि लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो निसटलेला चेंडूच. अन्याय झाला म्हणावं, तर नेमका कुणावर?

हरलेल्यावर जीव जडतो, हेही खरं. १९९८ ते २०१८ या सलग सहा विश्वचषकांत गोल्डन बॉल विजेत्या संघाकडे गेलाच नाही. रोनाल्डो, कान, झिदान, फोर्लान, मेस्सी, मॉड्रिच. फोर्लानचा उरुग्वे तर चौथा आला होता. २०१४ मध्ये मॅराकानात हा मान घेताना मेस्सीचा चेहरा असा होता, की जणू बक्षीस नव्हे, दंडाची पावती हातात दिली आहे.

कोल्हापुरात विश्वचषक आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक झळकतात. एरवी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींसाठी घसा फोडणारी मंडळी तेव्हा मेस्सी-नेमारवरून हमरीतुमरीवर येतात. तिथल्याच एका वादात, तरुणपणी बॅकला खेळलेले एक काका मध्येच उसळून म्हणाले, ‘‘गोल घालणाऱ्याचा फोटो छापताय, मग अडवणाऱ्यानं काय घोडं मारलंय?’’ सगळे हसले. मला मात्र त्या क्षणी इटलीचा फाबिओ कॅनाव्हारो आठवला.

२००६. जर्मनीतली स्पर्धा. सेंटर बॅकच्या मानानं कॅनाव्हारो बुटकाच, पावणेसहा फुटांच्या आसपास. पण उडी मारली की उंच स्ट्रायकर त्याच्या खांद्याखाली दिसायचे. जोडीदार नेस्ता गटसाखळीतच जायबंदी झाला, मातेराझ्झी आला, तरी भिंत हलली नाही. अख्ख्या स्पर्धेत इटलीवर दोनच गोल झाले: एक स्वयंगोल आणि एक पेनल्टी. कॅनाव्हारोला एक पिवळं कार्डसुद्धा मिळालं नाही. डॉर्टमुंडला यजमान जर्मनीविरुद्धची उपांत्य लढत जादा वेळेच्या अगदी शेवटाला आली होती. इटली एका गोलनं पुढं. दुसरा कुणी असता तर चेंडू प्रेक्षकांत भिरकावून मोकळा झाला असता. यानं डोक्यानं चेंडू बाहेर काढला, स्वतःच त्याच्यामागं धावला, पोडोल्स्कीच्या पुढ्यातून तो हिसकावला. तिथून टोट्टी, जिलार्डिनो आणि देल पिएरोचा गोल. पुन्हा पाहताना मी देल पिएरोकडे बघतच नाही.

बर्लिनचा फ्रान्सविरुद्धचा अंतिम सामना हा कॅनाव्हारोचा देशासाठीचा शंभरावा. कप त्यानंच उचलला. गोल्डन बॉल मात्र झिदानला, ज्यानं मातेराझ्झीच्या छातीत डोकं हाणलं आणि लाल कार्ड घेऊन कपाच्या बाजूनं आत निघून गेला! त्याच स्पर्धेत ब्राझीलविरुद्ध झिदान काय खेळला होता, हे मी विसरलेलो नाही; त्या दिवशी चेंडू त्याचं ऐकत होता. पण सर्वोत्तम म्हणजे ज्याच्यावाचून संघ उभा राहिला नसता तो, असं मी मानतो, आणि शेवटची दहा मिनिटं फ्रान्सला झिदानवाचूनच काढावी लागली. कॅनाव्हारो दुसरा ठरला. त्याच वर्षअखेरीस बॅलन डी’ऑर मात्र त्यालाच मिळाला. घाई ओसरल्यावर पत्रकारांनाही दिसतं म्हणायचं.

आता २०२२ घ्या. मेस्सी पहिला, याबद्दल माझी तक्रार नाही. तितका अरसिक मी नाही. अंतिम सामन्यात तीन गोल करणारा एम्बापे दुसरा, तेही ठीक. तिसरा मॉड्रिच! ज्याचा क्रोएशिया उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून ३-० नं हरला. लुसेलच्या मैदानावर, अंतिम सामन्याच्या १२३ व्या मिनिटाला, फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर असताना पाय फेकून चेंडू अडवणारा अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्टिनेझ पहिल्या तिघांत नाही. त्याला गोलकीपरांचा वेगळा गोल्डन ग्लव्ह देऊन वाटेला लावलं. मॉड्रिचवर माझंही प्रेम आहे. पण त्या तिसऱ्या जागेसाठी मार्टिनेझच्या बाजूनं मी कुठल्याही कट्ट्यावर तासभर भांडेन, चहा माझ्याकडून.